फडताळातली औषधे

व्हिएन्नातल्या पॉल गेल्मो या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९०८ साली डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी एक पांढरी भुकटी तयार केली. कोळशाच्या डांबरापासून कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यांच्या कामी येणाऱ्या संयुगांपैकी ती एक. तिचे नाव सल्फॅनिलमाइड. पुढची २७ वर्षे ती ग्रंथांच्या पानांत आणि रंगवाल्यांच्या फडताळांत पडून राहिली. त्याच २७ वर्षांत एक महायुद्ध होऊन गेले, साध्या जखमा चिघळून सैनिक मेले, सुखरूप सुटका झालेल्या बाळंतिणी आठवड्याभरात सूतिकाज्वराने गेल्या. ज्या जंतूंनी त्यांचा बळी घेतला त्यांपैकी कित्येकांना आवर घालणारी ही भुकटी बनवण्याची कृती त्या सगळ्या काळात छापून तयार होती. जंतूची लागण झालेल्या एखाद्या प्राण्याला ती देऊन काय होते, हे पाहण्याची व्यवस्था तेवढी कुठे नव्हती.

जंतूंवरच्या कृत्रिम औषधांचा इतिहास बहुधा संयुगे घडवणाऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हुशार रसायनज्ञ कागदावर रेणूची आकृती काढतो, इथे एक अणू जोडतो, तिथला एक काढतो आणि शेवटी शत्रूचा अचूक वेध घेणारी गोळी हाती येते, असे ते चित्र. पूर्णपणे खोटे नसले तरी ते अर्धेच आहे, आणि उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे असे मला वाटते. या इतिहासातली मोठी वळणे पाहत गेले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. संयुग आधीच हाताशी होते, कधी दोन वर्षे तर कधी चाळीस वर्षे. बदलली ती पारख. कुणीतरी नवी चाचणी बसवली, किंवा जुनीच चाचणी अधिक निगुतीने केली, आणि निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेली बाटली औषध ठरली. औषध घडवण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, ते ओळखण्याची कला दुर्मिळ होती.

याचा पहिला मोठा दाखला फ्रांकफुर्टचा. पाउल एर्लिख यांना तरुणपणापासून रंगांचे वेड होते. काही रंग ठरावीक पेशींनाच चिकटतात, शेजारच्या पेशींना नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पाहता त्यांच्या मनात आले की जे रसायन जंतूला निवडून रंगवते ते जंतूला निवडून मारूही शकेल. १८९१ मध्ये त्यांनी मेथिलिन ब्लू हा रंग हिवतापाच्या रुग्णांवर वापरूनही पाहिला होता. १९०६ साली गेऑर्ग श्पायर यांच्या विधवा पत्नीच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत त्यांना मनासारखी प्रयोगशाळा मिळाली. तिथे त्यांनी ॲटॉक्सिल नावाचे आर्सेनिकयुक्त संयुग हाती घेतले. निद्रारोगावर त्याचा गुण येत होता, पण त्याने रुग्णांची दृष्टी जात होती. एर्लिख आणि त्यांचे रसायनज्ञ आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी ॲटॉक्सिलच्या रेणूत फेरफार करून शेकडो संयुगे बनवली, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि प्रत्येकाचा हिशेब मांडला: प्राणी किती मात्रा सोसतो, आणि त्याचा रोग किती मात्रेने हटतो. या दोन आकड्यांचे गुणोत्तर हीच त्यांची कसोटी. क्रमांक ६०६ चे संयुग १९०७ मध्ये तयार झाले, सहायकाच्या चाचणीत कुचकामी ठरले आणि बाजूला पडले.

१९०९ मध्ये साहाचिरो हाता नावाचे जपानी संशोधक फ्रांकफुर्टला आले. ते तोक्योत कितासातो यांच्या हाताखाली काम करणारे. उपदंशाचा जंतू सापडून तेव्हा चारच वर्षे झाली होती, आणि परीक्षानळीत तो वाढवता येत नव्हता. सशांमध्ये उपदंशाची लागण घडवून ती टिकवण्याचे कसब हाता यांच्याकडे होते. एर्लिख यांनी त्यांच्यापुढे जुनी संयुगे ठेवली आणि सगळी पुन्हा तपासायला सांगितली. नापास झालेलीही. हाता यांनी एकेक बाटली उघडून एकेका सशावर चाचणी केली आणि ६०६ पाशी येऊन थांबले. सशांच्या जखमा भरून येत होत्या, जंतू नाहीसे होत होते. एप्रिल १९१० मध्ये व्हीसबाडेनच्या वैद्यक परिषदेत ही बातमी जाहीर झाली, त्याच वर्षी ‘साल्वारसान’ नावाने औषध बाजारात आले, आणि पाऱ्याच्या मलमांवर जगणाऱ्या उपदंशाच्या रुग्णांना पहिल्यांदाच खरा इलाज मिळाला. दोन वर्षांत त्या बाटलीतले रसायन बदलले नव्हते. बदलला तो त्याला प्रश्न विचारणारा माणूस, आणि विचारण्याची रीत.

इथे पहिला आक्षेप येतो. एर्लिख यांच्या डोक्यात सिद्धान्त नसता तर सहाशे संयुगे बनलीच नसती. हाता यांच्यापुढे ठेवायला बाटल्या तरी कुठून आल्या असत्या? आक्षेप रास्त आहे. सिद्धान्ताने शोधाला दिशा दिली, चिकाटी दिली, आणि देणगीदारांना धीरही दिला. पण त्या सिद्धान्ताने काढलेल्या आकृतीचे पुढे काय झाले तेही पाहावे. साल्वारसानच्या रेणूत आर्सेनिकचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले आहेत, असे एर्लिख यांनी मानले आणि पाठ्यपुस्तकांनी ते दशकानुदशके छापले. २००५ मध्ये न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिले की तसा दुहेरी बंध तिथे नाही. ते आर्सेनिकच्या तीन आणि पाच अणूंच्या कड्यांचे मिश्रण आहे. म्हणजे विसाव्या शतकातले जंतूंवरचे पहिले मोठे कृत्रिम औषध ज्या आकृतीवरून ‘घडवले’ असे आपण म्हणतो, ती आकृतीच चुकीची होती. सशावरची नोंद मात्र बरोबर होती. सिद्धान्त चुकला तरी चाचणी खरी असेल तर औषध हाती लागते. चाचणी चुकली तर बरोबर सिद्धान्तही बाटलीतले औषध फडताळातच ठेवतो.

एर्लिख १९१५ मध्ये वारले. त्यानंतरची दोन दशके बहुतेक वैद्यकतज्ज्ञ असे धरून चालले की उपदंश किंवा निद्रारोगासारख्या ठरावीक आजारांवर रसायने चालतील, पण रक्तात भिनलेल्या स्ट्रेप्टोकॉकससारख्या साध्या जीवाणूंवर नाही. हे मत मोडले ते जर्मनीतल्या एल्बरफेल्ड गावी, बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिथल्या कामाची रचना हाइनरिख ह्योरलाइन यांनी विचारपूर्वक केली होती: फ्रिट्झ मीट्च आणि योझेफ क्लारेर यांनी रंगांच्या कुळातली संयुगे बनवायची आणि १९२७ मध्ये तिथे आलेल्या गेऱ्हार्ड डोमाक यांनी ती तपासायची. डोमाक यांनी आधी चाचणी पक्की केली. जंतुदोषाने मेलेल्या रुग्णाच्या शरीरातून काढलेला एक जहाल स्ट्रेप्टोकॉकस त्यांनी निवडला. त्याची लागण झालेला उंदीर काही दिवसांत मरणारच, याची खात्री असावी एवढा जहाल. अशा चाचणीत जगलेला उंदीर म्हणजे औषधाचा पुरावा; योगायोगाला जागा जवळपास नाही. वर्षानुवर्षे संयुगे आली, उंदीर मेले, नोंदी झाल्या. डिसेंबर १९३२ मध्ये एका तांबड्या रंगाची पाळी आली. २६ उंदरांना लागण केली होती. औषध न दिलेले १४ मेले, औषध दिलेले १२ जगले. तो रंग म्हणजे प्रॉन्टोसिल. नाताळच्याच दिवशी पेटंटचा अर्ज गेला. शोधनिबंध मात्र फेब्रुवारी १९३५ मध्ये छापून आला.

या प्रयोगातली सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र उंदरांच्या संख्येत नाही. प्रॉन्टोसिल परीक्षानळीतल्या जंतूंना काहीच करत नसे. बशीत जंतू वाढवून त्यावर रसायन टाकायचे आणि जंतू मेले तरच पुढे जायचे, ही त्या काळातली सोपी, स्वस्त आणि तर्काला पटणारी रीत होती. डोमाक यांनी तेवढीच पाळली असती तर प्रॉन्टोसिल पहिल्याच पायरीवर गळाले असते. ते जिवंत प्राण्यापर्यंत गेले म्हणून वाचले. कारण पुढे पॅरिसमध्ये कळले. पास्तर इन्स्टिट्यूटमध्ये एर्नेस्त फुर्नो यांच्या प्रयोगशाळेतल्या ट्रेफुएल दांपत्याने, निती आणि बोव्हे यांच्यासह, १९३५ च्या अखेरीस दाखवले की शरीरात प्रॉन्टोसिलचा रेणू तुटतो आणि त्यातला रंगहीन तुकडाच काम करतो. तो रंगहीन तुकडा म्हणजे गेल्मोची पांढरी भुकटी. रंग हाच गुण, या एर्लिख यांच्या काळापासूनच्या समजुतीला यामुळे मोठा धक्का बसला. शिवाय ती भुकटी इतकी जुनी की तिच्यावर कुणाची पेटंटची मालकी उरली नव्हती. ती कुणीही बनवावी. १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी प्रॉन्टोसिल सूतिकाज्वराच्या ३८ बाळंतिणींना दिले. त्यांतल्या तिघी दगावल्या. त्याआधी त्याच रुग्णालयात या आजाराच्या दर चार-पाच रुग्णांमागे एक दगावत असे. (पेनिसिलिनची कथा याला समांतर आहे, जरी ते बुरशीतून आले असले तरी: फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये बशीतला परिणाम छापला, पण लागण झालेल्या उंदरावर तो पाहिला नाही. मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी यांनी आठ उंदीर घेऊन डोमाक यांच्याच धर्तीची चाचणी केली, आणि ११ वर्षे रखडलेले काम पुढे सरकले.)

मुंबईचा वाटा इथे येतो, आणि तो याच मुद्द्याला बळ देतो. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. १९२५ मध्ये तिला प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांचे नाव मिळाले. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरल्यापासून या रोगाचा जंतू वाढवणे, प्राण्यांत त्याची लागण घडवणे, लसीची ताकद मोजणे, हे सगळे तिथे पिढ्यांनी शिकलेले काम होते. १९३२ पासून संस्थेचे संचालक असलेले साहिबसिंग सोखी आणि पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झालेले बी. बी. दीक्षित यांनी सल्फा औषधे प्लेग झालेल्या उंदरांवर तपासली, आणि सल्फाथायाझोल प्लेगवर गुणकारी असल्याचे १९४० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. संस्थेतले रसायनज्ञ के. गणपती या कुळातली नवी संयुगे बनवत होते. पुढच्याच वर्षी पी. एम. वागळे यांच्यासह या चौघांच्या नावाने प्लेगच्या रासायनिक उपचारांवर लेख आला. संयुगे बनवण्याच्या बाबतीत परळ एल्बरफेल्डची बरोबरी करू शकत नव्हते. तिथे रंगांचा अवाढव्य उद्योग पाठीशी होता, इथे एक सरकारी संस्था. पण प्लेगची लागण झालेला उंदीर विश्वासाने तपासण्याचे कसब जगात फार थोड्या ठिकाणी होते, आणि परळ त्यांपैकी एक. सल्फाथायाझोल परदेशी कारखान्यांत जन्मले होते. ते प्लेगवर चालते का, हा प्रश्न मुंबईनेच विचारावा हे स्वाभाविक होते, कारण तो विचारण्याचे साधन तिच्याकडे तयार होते. आपल्या वैद्यकीय इतिहासात लसीच्या कामाची आठवण निघते, ती निघायलाच हवी. या कामाची निघत नाही, याचे वाईट वाटते.

पारख म्हणजे फक्त ‘जंतू मरतो का’ एवढेच नव्हे. माणूस मरतो का, हेही त्यातच आले. १९३७ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या एका कंपनीला लहान मुलांना सोपे जाईल असे सल्फॅनिलमाइडचे पातळ औषध हवे होते. भुकटी सहजी विरघळत नव्हती, म्हणून ती डायएथिलीन ग्लायकोलमध्ये विरघळवली गेली. चव, रंग आणि वास तपासला. तो द्रव विषारी आहे का, हे एकाही प्राण्यावर पाहिले नाही. शंभराहून जास्त माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, त्यांत कितीतरी मुले. त्या वेळच्या कायद्याने औषध सुरक्षित असल्याचे सिद्ध करणे बंधनकारक नव्हते. ‘एलिक्झिर’ म्हटल्यावर त्यात अल्कोहोल हवे आणि ते नाही, एवढ्याच तांत्रिक कारणावर सरकारला माल जप्त करता आला. १९३८ चा कायदा या मृत्यूंतून आला. संयुग तेच, बाळंतिणींना वाचवणारे. दोष त्याच्या रेणूत नव्हता, गाळलेल्या चाचणीत होता. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला, आणि न्या. लेंटिन आयोगाने चौकशी केली. जवळपास ५० वर्षांनी, तेच विष, तीच न केलेली चाचणी. वाचताना संताप येतो, आणि यावा.

क्षयाच्या बाबतीत फडताळाची गोष्ट आणखी लांबली. प्रागमध्ये हान्स मायर आणि योझेफ माली यांनी १९१२ मध्ये आयसोनिआझिड तयार केले. क्षयाशी त्यांचा काही संबंध नव्हता. सुमारे ४० वर्षांनी बायर, हॉफमन-ला रोश आणि स्क्विब या तीन कंपन्या एकमेकींच्या नकळत त्याच संयुगापाशी पोहोचल्या. निदान रोशमध्ये तरी ते मुळात दुसऱ्याच संयुगाकडे जाण्याच्या वाटेवरची पायरी होते. ती पायरीही उंदरांवर तपासून पाहिली, आणि ती पुढच्या सगळ्या संयुगांहून सरस निघाली. मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या अभ्यासात क्षयरोग्यांना या औषधासह घरीच उपचार देण्याची तुलना आरोग्यधामातल्या उपचारांशी केली गेली, आणि घरच्या उपचारांनीही गुण तितकाच येतो हे १९५९ मध्ये सिद्ध झाले. गरीब देशांनी क्षयाशी लढायचे कसे, हे त्या एका चाचणीने बदलले. तीही पारखच, फक्त उंदरांऐवजी माणसांच्या जगण्याची.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. घडवण्याला कमी लेखता येणार नाही असे दाखले आहेत, आणि ते टाळून हा मुद्दा मांडणे अप्रामाणिक ठरेल. जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांनी जंतूंच्या फॉलिक आम्लाच्या चक्रावर नेम धरून केलेल्या कामातून ट्रायमेथोप्रिम आले, आणि १९८८ चे नोबेल त्यांना ‘ठरवून घडवलेल्या’ औषधांसाठीच मिळाले. क्विनोलोनचेही तसेच. जॉर्ज लेशर यांना क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थातून नॅलिडिक्सिक आम्लाची वाट सापडली, १९६२ मध्ये ते जाहीर झाले, आणि ते फक्त मूत्रमार्गाच्या संसर्गावर चालले. मग जपानी रसायनज्ञांनी त्या सांगाड्यावर एका जागी फ्लोरिन आणि दुसऱ्या जागी पिपराझिन बसवून नॉरफ्लॉक्सासिन केले, बायरने सिप्रोफ्लॉक्सासिन केले, आणि एक अधूसे औषध कुळाचे कुळ होऊन बसले. त्याच कुळातले लेव्होनाडिफ्लॉक्सासिन औरंगाबादच्या प्रयोगशाळेत घडले आणि २०२० मध्ये भारतात मंजूर झाले. इथे रेणूवरचा एकेक अणू मोलाचा होता. हे मान्यच. पण यातून निष्पन्न काय होते? दार सापडल्यावर खोली सजवण्याचे काम रचनेने अप्रतिम केले. दार मात्र क्विनोलोनच्या बाबतीत उपपदार्थ फेकून न देता तपासल्यामुळे सापडले. हिचिंग्ज यांनीही सुरुवात केली ती लॅक्टोबॅसिलस नावाच्या जंतूची वाढ कशाने थांबते आणि कशाने पुन्हा सुरू होते, हे शेकडो संयुगांवर पाहून. त्यांच्या रचनेला जंतूनेच पाऊलवाट दाखवली होती.

उलट प्रयोगही होऊन गेला आहे, आणि तो इतिहासाने जणू याच वादाचा निकाल लावण्यासाठी केला. १९९५ मध्ये पहिल्यांदा एका जीवाणूची संपूर्ण जनुकावली वाचली गेली. मग विचार असा झाला की जंतूच्या जगण्याला आवश्यक अशी जनुके निवडावीत, त्यांची प्रथिने वेगळी काढावीत आणि यंत्रमानवांकरवी लाखो संयुगे त्यांच्यावर टाकून पाहावीत. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात ७० मोहिमा चालवल्या, जवळपास सगळ्या अशाच. पुढे न्यावीत अशी संयुगे हाती लागली ती पाच. हे अपयश कंपनीच्याच संशोधकांनी २००७ मध्ये मोकळेपणाने छापले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. सुट्या प्रथिनाला अडवणारी संयुगे मिळाली, पण जिवंत जंतूच्या भिंतीतून ती आत जात नव्हती, किंवा आत गेलीच तर जंतू त्यांना पंपाने बाहेर फेकत होता. सुट्या प्रथिनाला भिंत नसते आणि पंपही नसतो. चाचणी झटपट झाली, पण तिने चुकीचा प्रश्न विचारला. त्याच सुमारास यानसेन कंपनीत कोएन आंद्रिस यांच्या गटाने जुनीच रीत धरली: क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद अख्खाच घेतला आणि संयुगे त्यावर टाकली. त्यातून बेडाक्विलिन निघाले, जे २००५ मध्ये जाहीर झाले आणि २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झाले. ते जंतूच्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रावर घाव घालते, हे नंतर, औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची जनुके वाचून कळले. आधी परिणाम, मग कारण.

कुणी म्हणेल, हे सगळे यश पाहून मागाहून रचलेले आहे. फडताळातून बाहेर आलेल्या बाटल्या आपल्याला दिसतात. आतच राहिलेल्या लाखो बाटल्या खरोखरच निरुपयोगी असतील, त्यांचे काय? त्या असतीलच, बहुतेक सगळ्या. पण कोणती बाटली त्यांतली नाही, हे बाटलीकडे पाहून कळत नाही, आणि माझे म्हणणे एवढेच आहे. चाळणीची छिद्रे चुकीच्या मापाची असतील तर कितीही धान्य ओतले तरी खडेच हाती येतात. आज संगणकाला शिकवून औषधे शोधण्याची जी नवी लाट आहे, तिच्याकडेही मी याच नजरेने पाहतो. मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या कामात संगणकाला आधी शिकवले ते २,३३५ संयुगांच्या निकालांवर, आणि ते निकाल होते खऱ्या ई. कोलाय जंतूंची वाढ थांबली की नाही याचे. मग त्याला सुमारे ६ हजार संयुगांचा एक संग्रह दाखवला, इतर रोगांसाठी तपासून ठेवलेल्या रसायनांचा. त्याने मधुमेहासाठी अभ्यासले गेलेले एक संयुग निवडले, ज्याला पुढे हॅलिसिन हे नाव पडले. ते अजून रुग्णांपर्यंत पोहोचलेले नाही. पण संगणकाचा अंदाज खरा आहे का, हे ठरवण्यासाठी ते कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूची लागण झालेल्या उंदरांच्या कातडीवर लावले गेले, आणि २४ तासांत तिथले जंतू नाहीसे झाले.